पोराचा खुराक आणि तीन हजारांचा डबा

मध्यंतरी आमच्या बचत गटाच्या बैठकीत कर्जाचा एक अर्ज आला. रक्कम तीन हजार. कारण विचारलं तर ताई जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, "पोराला पावडरचा डबा पाहिजे. जिमला जातो. तीन महिने झाले, अंग धरत नाही म्हणतो."

कुणी हसलं नाही. आमच्यातल्या चौघींच्या घरी हेच चालू आहे. पोरगा सोळाचा, उंची वाढलेली, वजन ४६ किलो. वर्गातली पोरं त्याला काडी म्हणतात. यंदा त्याने विहिरीवर पोहायला जाणं सोडलं. का, तर शर्ट काढावा लागतो. आईला हे कळतं, म्हणून ती कर्ज काढायला निघाली होती. आम्ही निर्णय पुढच्या बैठकीवर ठेवला आणि त्या बैठकीला उपकेंद्रातल्या सिस्टरना बोलावलं. त्या दिवशी जे समजलं ते आज तुम्हाला सांगतो.

सिस्टरनी आधी डब्याचा विषय बाजूला ठेवला आणि पोराच्या ताटाचा हिशेब मांडायला लावला. सकाळी चहा आणि बिस्किटं. शाळेच्या डब्यात तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी. संध्याकाळी जिमला जाण्याआधी पुन्हा चहा. रात्री दोन पोळ्या, भात, पातळ आमटी. पोट भरतं, नाही असं नाही. पण यातून प्रथिनं मिळतात जेमतेम ३५ ग्रॅम. वजन उचलणाऱ्या वाढत्या मुलाला दर किलोमागे साधारण सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ४६ किलोच्या या पोराला ६० ते ७० ग्रॅम पाहिजेत. निम्मंच मिळत होतं. वर संध्याकाळी तासभर घाम गाळायचा. जे खाल्लं ते तिथेच खर्च, मग अंगाला लागणार काय?

आता ही उणीव घरातच भरून निघते का ते बघा. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं. दोन अंड्यांची बारा. मूठभर शेंगदाण्यात, म्हणजे तीसेक ग्रॅममध्ये, सात-आठ. अर्धा लिटर दुधात सोळाच्या आसपास. झाले की पस्तीस! शिवाय सहाशेच्या जवळपास कॅलरी वाढतात. वजन वाढायला त्याही लागतात, नुसत्या प्रथिनांनी वजन चढत नाही. अंडं चालत नसेल त्या घरात सोया वडी घ्या. कोरड्या वडीत निम्मं प्रथिन असतं, मूठभर वड्या रश्श्यात टाकल्या तरी काम होतं. फुटाणे, मटकीची उसळ, घट्ट पिठलं, दही हे तर आपलं रोजचंच. आमटी पातळ न करता घट्ट वरण वाढलं तरी फरक पडतो. एक गोष्ट मात्र आमच्या पोरांनी मनाला लावून घेतली आहे, कच्चं अंडं दुधात फोडून पिणं. उकडलेल्या अंड्यातलं प्रथिन कच्च्यापेक्षा जास्त अंगी लागतं, आणि कच्च्याने पोट बिघडायची भीती असते ती वेगळीच.

पैशाचंही बोलू. आम्ही वहीत मांडलं. अंडी, शेंगदाणे आणि डेअरीला घालायच्या दुधातलं अर्धा लिटर घरात ठेवल्याने बुडणारे पैसे, सगळं मिळून महिन्याला हजार-अकराशे होतात. डबा तीन हजारांचा आणि रोज एक चमचा घेतला तर महिन्यात संपतो. तरी खरं सांगायचं तर चांगल्या डब्यातली पावडर म्हणजे विष नव्हे. दूध फाडून पनीर केलं की जी निवळी उरते ना, तिच्यातलंच प्रथिन काढून वाळवतात. पण "वजन वाढवा" असं लिहिलेला दुसरा एक डबा मिळतो, तो आम्ही मागवून वाचला. शंभर ग्रॅममध्ये सत्तरच्या वर ग्रॅम पिठूळ साखरेचाच प्रकार. एवढे पैसे देऊन साखर आणायची तर किराणा दुकान काय वाईट!

हे झालं ताटाचं. पण खाल्लेलं स्नायूत जायला व्यायाम बरोबर लागतो, आणि तिथेही पोरं घाई करतात. जिममध्ये जो लोखंडी रॉड असतो, तो मोठा असेल तर रिकामाच वीस किलोचा असतो. पोरं पहिल्याच आठवड्यात त्याला दोन्हीकडून चकत्या लावतात आणि कंबर धरून घरी येतात. नवख्याने पहिला महिना रिकाम्या रॉडवर किंवा त्याहून हलक्या वजनावर काढावा आणि पद्धत शिकावी. जमिनीवरचं वजन उचलताना गुडघ्यात वाकायचं, पाठ सरळ, वजन अंगाजवळ. आपण भरलेला हंडा उचलतो तसंच. एका व्यायामाचे दोन-तीन फेरे, प्रत्येकात आठ ते बारा वेळा, आणि अजून दोनदा जमलं असतं असं वाटतानाच थांबायचं. बारा वेळा नीट जमू लागलं की वजन थोडंसं वाढवायचं. हे थोडंसं वाढवत राहणं हेच खरं काम. तेच वजन वर्षभर हलवत बसलं तर शरीराला बदलायचं कारणच राहत नाही. "जास्तीत जास्त किती उचलतोस बघू" ही पैज या वयात नको. जिम नसेल तर दंड, बैठका आणि झाडाच्या फांदीला लटकून अंग वर ओढणं. आपल्या तालमी याच्यावरच उभ्या राहिल्या.

आठवड्यात तीन दिवस पुरे, मध्ये एक दिवस मोकळा. स्नायू वजन उचलताना नाही, नंतर विश्रांतीत भरतो. म्हणून झोपही खुराकातच धरा. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते आणि आपली पोरं एक वाजेपर्यंत मोबाइल बघतात.

सुरुवातीच्या दीड-दोन महिन्यांत ताकद वाढते पण आरशात काही दिसत नाही. नसा आधी शिकतात, स्नायू मागून येतो. पोरं नेमकी इथेच धीर सोडतात आणि डबा मागतात. आवाज अजून फुटला नसेल अशा तेरा-चौदाच्या मुलाला तर आणखी वाट बघावी लागते. वजन आठवड्याला पाव ते अर्धा किलो वाढलं तर उत्तम चाललंय समजा.

सासूबाई म्हणतात वजन उचललं की उंची खुंटते. नीट शिकवणारं कुणी असेल तर खुंटत नाही. उंची खुंटते ती इंजेक्शनने. हे जरा नीट ऐका. काही ठिकाणी पोरांना "लवकर फुगशील" म्हणून स्टेरॉइडची इंजेक्शनं आणि गोळ्या देतात. त्याने हाडांची वाढीची टोकं वेळेआधी बंद होतात, वृषणं आक्रसतात, मुलाला छाती येऊ लागते, यकृत आणि हृदयावर ताण येतो. पोराचं वजन महिन्यात पाच-सहा किलो वाढलं, पाठीवर एकदम पुरळ आलं, स्वभाव तापट झाला, तर रागावू नका, पण विचारा आणि डॉक्टरकडे न्या.

उलट, पोटभर खाऊनही वजन घटत असेल, दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, सारखी तहान आणि लघवी असेल, तर अंडी-दुधाचे प्रयोग करत बसू नका. आधी तपासणी. जंताची गोळी आणि लोहाच्या निळ्या गोळ्या शाळेत मिळतात, पोरं त्या खिशातच ठेवतात. तेही विचारा.

आणि मुली? त्याच ताईंची मुलगी पोलीस भरतीची तयारी करते. भरतीला धावण्याबरोबर गोळाफेक आहेच. पोराच्या दोन अंड्यांचा हिशेब झाल्यावर सिस्टरनी विचारलं, पोरीला किती? सगळ्या गप्प. वजन उचलल्याने मुलगी पुरुषी होत नाही, तेवढे पुरुषी संप्रेरक तिच्या अंगात नसतातच. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो वजनगटात २४८ किलो उचलून रौप्यपदक आणलं. वडिलांची पानटपरी, आणि बहीण काजोलही वेटलिफ्टर, तिनेही पदक मिळवलंय. अर्थात १३५ किलो डोक्यावर नेल्यानंतर पुढच्या प्रयत्नात संकेतचा कोपर दुखावला, तेही पोरांना सांगा.

आता त्या अर्जाचं. ताईंनी तीन हजारांचं कर्ज घेतलं. पण त्यातून आठ तलंगा आणि खुराडं आलं. दर रविवारी दोघं भावंडं रेशन दुकानाच्या काट्यावर उभी राहतात. बारा आठवड्यांत पोरगा ४९ किलो ७०० ग्रॅम झालाय. डबा अजून मागतो. पण परवा विहिरीवर दिसला म्हणे.