१४ दिवसांची गोळी

आजारी मुलाच्या घरच्यांना थोडक्या वेळात समजावून सांगण्याची एक रीत आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या बालआजार कार्यक्रमात ती शिकवतात: आधी विचारायचे, बरोबर चालले आहे त्याचे कौतुक करायचे, मग सल्ला द्यायचा आणि शेवटी तो समजला का ते तपासायचे.

शिर्डीत या रीतीचा कस लागतो. रामनवमीला, गुरुपौर्णिमेला पालख्या येतात, गाव भरून जाते. लेकराला जुलाब लागले तर आईवडील दवाखाना गाठतात आणि रात्रीच्या गाडीने परत निघतात. ‘दोन दिवसांनी दाखवा’ म्हणून भागत नाही. सांगायचे ते त्याच बैठकीत.

ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात अख्खे घालायचे असते. पेल्यात चिमूटभर पूड टाकली की क्षारांचे प्रमाण बिघडते. प्रवासात लिटरची बाटली जवळ असतेच. आईनेच त्या मापाने पाणी घेऊन पूड ढवळली, तर माप तिच्या हाताला कळते. उलटी झाली तर १० मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने पाजायचे. उरलेले २४ तासांनी टाकून द्यायचे.

अवघड जागा पुढे आहे. झिंकची गोळी १४ दिवस द्यायची. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अर्धी. जुलाब त्याआधीच थांबतात आणि गोळी बंद होते. पूर्ण १४ दिवस दिल्यास पुढचे दोन-तीन महिने जुलाब पुन्हा लागण्याचा धोका घटतो, हे कारण सांगितले तरच ती चालू राहते.

‘समजलं का, ताई?’ या प्रश्नाला दमलेली आई ‘हो’च म्हणणार. ‘गोळी किती दिवस द्याल?’ असे विचारावे. ‘जुलाब थांबेपर्यंत’ असे उत्तर आले तर उणीव सांगणाऱ्याची आहे, तिची नव्हे.

घाईत सर्वांत आधी गळते ते कौतुक, आणि तेच गळू नये. ‘एवढ्या लहान बाळाला घेऊन चालत कशाला आलात?’ असे कोणी फटकारले की आई घरी काय काय दिले ते लपवते. ती अंगावर पाजते आहे, हे चांगले करते आहे, एवढे आधी म्हटले तर बोलू लागते. आजी सोबत असेल तर तिलाही बसवून घ्यावे. घरी गोळी बंद करायचे बऱ्याचदा तीच ठरवते.

शेवटी धोक्याची लक्षणे: शौचात रक्त, ताप, पाणी न पिणे, सुस्ती. यांतले काही दिसले तर घर गाठेपर्यंत थांबू नये. वाटेतल्या जवळच्या दवाखान्यात जावे, महाराष्ट्रात १०८ वर रुग्णवाहिका मोफत मिळते.