विलीनीकरण आणि लहान भागधारकाचा माहितीचा हक्क

दोन कंपन्यांचे विलीनीकरण म्हटले की सामान्यतः मुंबईच्या गिरण्या किंवा मोठ्या बँका डोळ्यांसमोर येतात. परंतु जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील राजूर येथे, जेथील गणपतीच्या दर्शनास अंगारकीला दुरून लोक येतात, कापूस वा मका पिकविणारा शेतकरीही आज भागधारक असू शकतो. अलघ समितीच्या शिफारशींनंतर २००२ साली कंपनी कायद्यात 'उत्पादक कंपनी' हा प्रकार आला व २०२० च्या दुरुस्तीने तो २०१३ च्या कायद्यात समाविष्ट झाला. किमान दहा उत्पादकांनी एकत्र येऊन अशी कंपनी काढावी, आणि सर्व सभासद व्यक्ती असल्यास भाग कितीही असोत, प्रत्येकास मत एकच, अशी तिची रचना आहे. अशा दोन कंपन्या एक व्हावयाच्या झाल्यास सभासदाने हिशेब केव्हा मागावा, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही.

याचे उत्तर मोठ्या कंपन्यांच्या खटल्यांत सापडते. टाटा ऑइल मिल्स ही कंपनी हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन होताना टाटा ऑइलच्या पंधरा भागांस लिव्हरचे दोन भाग असे प्रमाण ठरले. त्यावर आक्षेप घेण्यात आले. तथापि तज्ज्ञांनी काढलेले आणि भागधारकांच्या प्रचंड बहुमताने मान्य केलेले प्रमाण नव्याने मोजण्यास सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली नकार दिला. पुढे १९९६ साली मफतलाल उद्योगाच्या खटल्यात स्पष्टीकरणपर निवेदनातून संचालकाचा हितसंबंध दडविल्याची तक्रार होती. ती फेटाळली गेली, परंतु विलीनीकरणास संमती देण्यापूर्वी न्यायालयाने काय पाहावे याची कसोटी त्याच निकालात सापडते: मतदारांना विचारपूर्वक निर्णय घेता येईल इतकी आवश्यक माहिती सभेपुढे होती काय? थोडक्यात, न्यायालय बेरीज पुन्हा करीत नाही. बेरजेचे आकडे मतदारास दाखविले होते की नाही, एवढे पाहते. म्हणून भागधारकाचे खरे बळ सभेनंतर नव्हे, सभेपूर्वी असते.

२०१३ च्या कायद्याने हे आकडे पुष्कळ अंशी सक्तीचे केले. सर्वसाधारण कंपनीच्या विलीनीकरणात योजनेचा मसुदा, मूल्यांकनाचा अहवाल व भागधारकांवरील परिणाम सांगणारे संचालकांचे निवेदन सभेपूर्वी द्यावे लागते. शेवटचे वार्षिक हिशेब सभेच्या सहा महिन्यांहून जुने असल्यास पूरक हिशेबही जोडावे लागतात. उलटपक्षी, योजनेस हरकत घेण्याचा अधिकार किमान दहा टक्के भाग धारण करणाऱ्यांनाच ठेवला आहे. (ठरावीक टक्केवारीचे कर्ज येणे असलेल्या धनकोंची गोष्ट निराळी.) शंभर-दोनशे भाग बाळगणाऱ्यास ही अट म्हणजे बंद दारच होय.

उत्पादक कंपनीत दार उघडे आहे, पण उंबरठा निराळा. तेथे विलीनीकरणाचा ठराव उपस्थित व मत देणाऱ्यांपैकी किमान दोन-तृतीयांशांनी संमत व्हावा लागतो, त्यात मालमत्ता व देणी यांचा सर्व तपशील असावा लागतो आणि ठरावाची प्रत नोटिशीसह प्रत्येक सभासदास आधी द्यावी लागते. मात्र त्या कलमात स्वतंत्र मूल्यांकन-अहवालाचा उल्लेख नाही. शिवाय, नोटीस हाती पडल्यापासून एका महिन्यात असहमत सभासदाने आपला भाग संचालक मंडळाच्या मान्यतेने दुसऱ्या सक्रिय सभासदास दिला नाही, तर त्याची संमती गृहीत धरली जाते. येथे मौन म्हणजे होकार.

या तरतुदीचा भार कोठे पडतो, तेही पाहिले पाहिजे. उत्पादक कंपनीच्या भागास बाजारभाव नसतो; तो दर्शनी किमतीसच हस्तांतरित होतो. समजा, शंभर रुपयांचा भाग घेऊन एखाद्या सभासदाने पाच वर्षे आपला माल कंपनीस घातला आणि त्या काळात राखीव निधी वाढला. बाहेर पडताना त्याच्या हाती शंभर रुपयेच येतात. निधी मागे राहतो. आत राहिला, तर दुसऱ्या कंपनीचे कर्ज व बुडीत येणे त्याच निधीवर येऊ शकते. म्हणून केवळ स्वतःच्या कंपनीचा ताळेबंद पाहून त्यास निर्णय करता येत नाही. दुसऱ्या कंपनीचे लेखापरीक्षित हिशेब, तिची थकबाकी, गहाण पडलेले गोदाम, आणि कोणत्या संचालकाचा दोन्हीकडे संबंध आहे, हे त्यास कळावयास हवे. संचालकांनी हे आपणहून दिले तर उत्तमच. न दिल्यास 'सर्व तपशील' या कायद्यातील शब्दांवर बोट ठेवून लेखी मागणे हाच मार्ग उरतो. ठराव झाल्यावर तीस दिवसांत अपील करता येते, परंतु त्या वेळी मागणी पूर्वीच केल्याची पोच हाती असेल तरच तक्रारीस वजन येते.