लहान इंजिनाचें खरेपण

तुळिंजच्या पश्चिमेस असलेल्या नालासोपारा स्थानकावरून आज दर कांहीं मिनिटांनीं विजेची गाडी जाते. परंतु विरारहून मुंबईस जाणारी दैनिक गाडी १८६७ सालीं सुरू झाली ती वाफेच्या बळावर. आणि १९३६ मध्यें विजेच्या तारा विरारपर्यंत पोहोंचल्या, तोंवर विरारच्या गाड्यांचा भार कोळशाचीं इंजिनेंच ओढीत होतीं. त्याहून जुनी हकीगत बोरीबंदरची. १६ एप्रिल १८५३ रोजीं ठाण्यास निघालेल्या पहिल्या गाडीस ‘साहिब’, ‘सिंध’ व ‘सुलतान’ अशीं तीन इंजिनें जोडलेलीं होतीं. तीं इंग्लंडांतील व्हल्कन फौंड्रीनें घडविलीं होतीं. आज त्यांपैकीं एकहि पाहावयास मिळत नाहीं. इंजिनाचें काम संपलें कीं त्याचें लोखंड मोडींत जातें; मागें उरतात ते आराखडे आणि चित्रें. कागदावरील हें रूप पुन्हां धातूंत उभें करण्याचें काम प्रतिकृति करते.

अशा छोट्या गाड्यांचें एक संग्रहालय भाऊ जोशी यांच्या छंदांतून पुण्यास कोथरूड येथें उभें राहिलें व १९९८ सालीं लोकांस खुलें झालें. तेथें जाणाऱ्याच्या मनांत एक प्रश्न सहज येतो: खेळणें आणि प्रतिकृति यांत भेद तो कोणता? उत्तर एका शब्दांत देतां येतें, आणि तो शब्द म्हणजे प्रमाण. खेळणें इंजिनासारखें दिसलें म्हणजे पुरे. प्रतिकृतींत मात्र चाकाचा व्यास, धुराड्याची उंची, दोन आसांमधील अंतर हीं सारीं मापें एकाच संख्येनें भागलेलीं असावीं लागतात.

पण येथेंच पहिली अडचण उभी राहते. जगांत अतिशय रूढ असलेलें प्रमाण १:८७ हें होय. त्याचे बाजारांत मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात, आणि हें अंतर युरोप-अमेरिकेंतील १,४३५ मिलिमीटर रुंदीच्या मार्गावरून ठरलेलें आहे. आपल्या रुंद मार्गाची रुंदी १,६७६ मिलिमीटर. तिला ८७ नें भागिलें असतां १९.३ मिलिमीटर येतात. म्हणजे भारतीय इंजिन तयार रुळांवर ठेवलें कीं त्याचीं चाकें जवळजवळ तीन मिलिमीटर आंत ओढावीं लागतात, आणि समोरून पाहतां त्याचा रुबाब हरपतो. उलट माथेरानचें इंजिन घ्यावें. १९०७ सालीं सुरू झालेल्या या मार्गाची रुंदी दोन फूट. फुटास १६ मिलिमीटर, म्हणजे सुमारें १:१९, असें प्रमाण धरिलें तर ३२ मिलिमीटरचे तयार रूळ त्यास नेमके बसतात. जर्मनींतील ओरेनस्टाइन आणि कॉपेल या कारखान्यानें या मार्गासाठीं सहा जोडचाकांचीं चार इंजिनें बांधिलीं. त्यांतील एक नेरळ स्थानकाच्या आवारांत जपून ठेविलेलें असल्यानें मूळ वस्तु डोळ्यांसमोर ठेवून काम करतां येतें.

तथापि सर्वच गोष्टी भागून लहान होत नाहींत. रुळावरून न घसरण्यासाठीं चाकास जी कड असते ती हिशेबाप्रमाणें बारीक केली, तर रुळाच्या किंचित उंचसखलपणानेंहि गाडी उतरेल. पाण्याची पातळी दाखविणारी कांचनळी फार अरुंद झाली, तर पाणी केशाकर्षणानें वर चढून खोटी पातळी दाखवील. उष्णतेचा प्रश्न याहून कठीण. १:१९ प्रमाणांत बॉयलरचा पृष्ठभाग ३६१ पटींनीं घटतो, तर आंतील पाणी ६,८५९ पटींनीं. अर्थात् तितक्याच पाण्यामागें उष्णता गमावणारा पृष्ठभाग मूळच्या १९ पट होतो. म्हणून लहान बॉयलरला उष्णतारोधक वेष्टण घालावें लागतें, आणि त्यांतील नळ्या संख्येनें थोड्या पण तुलनेनें रुंद ठेवाव्या लागतात. हा बॉयलर बहुधा तांब्याचा असतो व त्याचे सांधे चांदीच्या डाखानें जोडतात. तो प्रथम थंड पाण्यानें पूर्ण भरून, कामाच्या दाबाच्या दुप्पट दाबानें तपासतात. पाणी दाबानें फारसें आकुंचन पावत नसल्यानें सांधा निघालाच तर स्फोट न होतां पाणी गळतें. ही कसोटी टाळणें म्हणजे घरांत धोका बाळगणें होय.

तेव्हां उत्तम कारागिरासहि मूळ मापांपासून थोडें ढळावेंच लागतें. त्यांत दोष नाहीं. दोष आहे तो तें लपविण्यांत. मूळ इंजिन नष्ट झाल्यावर पुढची पिढी प्रतिकृतीलाच पुरावा मानते, आणि कारागिराची सोय इतिहास म्हणून खपून जाते. यास्तव कोणतें माप मूळ इंजिनावरून वा आराखड्यावरून घेतलें, कोणतें छायाचित्रावरून अजमाविलें व कोणतें सोयीसाठीं बदललें, याची वही प्रत्येक इंजिनाबरोबर ठेवणें अगत्याचें आहे. ती वही जवळ असेल तर शेल्फवर मावणारें इंजिनहि विश्वासू साक्षीदार ठरेल.