आडनाव चेऊलकर, धर्म यहुदी

‘बूट पॉलिश’मधले जॉनचाचा आठवतात? ते काम करणाऱ्या डेव्हिड यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. पेणकर, रोहेकर, झिराडकर अशी कितीतरी गावआडनावं बेने इस्रायल या कोकणातल्या यहुदी, म्हणजे ज्यू, समाजात आहेत. आडनावावरून धर्म ओळखायला जाणारा कोकणात हमखास फसतो.

‘ज्यू इंग्रजांच्या काळात आले’ हा समज बहुधा ससून घराण्यामुळे रुजला. ससून बगदादचे, १८३०च्या दशकात मुंबईत उतरलेले. त्याच्या कितीतरी आधीपासून बेने इस्रायल रायगडच्या खेड्यांत तेलाचे घाणे चालवत होते. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांच्या रीती अशा: आठव्या दिवशी मुलाची सुंता, बिनखवल्यांचा मासा वर्ज्य, नवस फेडायला एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं गोड पोह्यांचा मलिदा. सॅम्युअल दिवेकरांनी मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं ते १७९६ साली.

नवगावजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही बेने इस्रायलांची परंपरागत कथा. चित्पावनांच्या उत्पत्तिकथेतही समुद्रातून वाहत आलेले चौदा जण आहेत. तेवढ्यावर ‘चित्पावन मूळचे ज्यू’ असं ठोकून देणारे गल्लोगल्ली भेटतात. पुरावा मागितला की विषय बदलतात.

खरा गुंता आई-बापाचा: वंश कुणाकडून धरायचा? दरेकसाजवळच्या कचारगडला माघ पौर्णिमेला जमणारा गोंड माणूस चार देवे की सात देवे, म्हणजे किती देव मानणाऱ्या गटातला, हे बापाच्या कुळावरून ठरतं. ज्यू धर्मशास्त्रात उलट: आई ज्यू, तर मूल ज्यू. १९६२ साली इस्रायलच्या मुख्य रब्बींकडून फर्मान निघालं, की बेने इस्रायल माणसाचं लग्न इतर ज्यूंशी लावण्याआधी त्याच्या आईकडच्या पिढ्या तपासा. कोकणातल्या पणजीचा कागद आणायचा कुठून? जेरुसलेममध्ये निदर्शनं झाली. ऑगस्ट १९६४मध्ये तिथल्या संसदेनं बेने इस्रायल सर्वार्थानं ज्यू असल्याचा ठराव केला, तेव्हा कुठे फर्मानातून त्यांचं नाव निघालं. नागरिकत्वाचा कायदा मात्र सैल: १९७०च्या दुरुस्तीनुसार आजी-आजोबांपैकी कुणीही एक ज्यू असलं तरी नातवाला तिथं स्थायिक होता येतं. रब्बी त्याचं लग्न लावतील, याची हमी नाही.

आता नळीत थुंकी भरून ‘मी किती टक्के ज्यू’ विचारायचं खूळ आलंय. २०१६च्या एका जनुकीय अभ्यासात बेने इस्रायलांमध्ये ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वंश आढळले. ज्यू वाटा मुख्यतः पुरुषांकडून, भारतीय वाटा बायकांकडून. यावरून ‘म्हणजे ते अस्सल नव्हेतच’ म्हणणाऱ्यांना धर्मशास्त्रच ठाऊक नाही. रीतसर धर्मांतर केलेल्या बाईची मुलं पूर्ण ज्यूच मानली जातात, आणि धर्मांतर काही थुंकीत उतरत नाही.