नवी रिलीज, जुन्या चाचण्या

सॉफ्टवेअरचे निरनिराळे भाग जोडून चालवले की ते मिळून नीट काम करतात का, हे तपासणाऱ्या चाचणीला इंटिग्रेशन टेस्ट किंवा एकात्मिक चाचणी म्हणतात. एखाद्या छोट्या फंक्शनची चाचणी क्षणार्धात होते, कारण ती दुसऱ्या कशावर अवलंबून नसते. एकात्मिक चाचणीला मात्र डेटाबेस, नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टीम असा सगळा संसार आधी मांडावा लागतो. त्यामुळे ती लिहायला कष्टाची, चालायला संथ आणि जुनी झाली की सांभाळायला अवघड असते. ओपन सोर्स प्रकल्पांत अडचण आणखी वाढते. ज्याने चाचणी लिहिली तो दोन वर्षांनी प्रकल्पात असेलच असे नाही, आणि त्याच सॉफ्टवेअरच्या तीन-चार आवृत्त्या एकाच वेळी लोकांच्या वापरात असतात. अशा वेळी जुनी चाचणी कुठे ठेवायची, कोणत्या आवृत्तीवर चालवायची आणि ती काढून टाकण्याचा निर्णय कोणत्या कसोटीवर घ्यायचा, हे प्रश्न टाळता येत नाहीत. ओपनस्टॅक या प्रकल्पाने त्यांची उत्तरे नियम म्हणून लिहून ठेवली आणि वर्षानुवर्षे पाळली, म्हणून त्याचे उदाहरण पाहण्यासारखे आहे.

ओपनस्टॅक हे स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये क्लाउड उभारण्याचे सॉफ्टवेअर. अमेरिकेतील रॅकस्पेस ही कंपनी आणि नासा ही अवकाश संस्था यांनी २०१० मध्ये ते सुरू केले. पुढे दर सहा महिन्यांनी नवी रिलीज काढण्याचा शिरस्ता पडला. हे एकसंध सॉफ्टवेअर नाही. तो अनेक सेवांचा समूह आहे. ग्राहकाने ‘मला एक सर्व्हर द्या’ एवढीच मागणी केली, तरी कीस्टोन त्याची ओळख पटवते, ग्लान्स ऑपरेटिंग सिस्टीमची प्रतिमा देते, न्यूट्रॉन नेटवर्क जोडते, लागल्यास सिंडर डिस्क पुरवते आणि नोव्हा हे सारे जुळवून यंत्र चालू करते. प्रत्येक सेवेची टीम वेगळी, कोड वेगळा. एका टीमने निर्दोष वाटणारा बदल केला आणि दुसऱ्याच सेवेत सर्व्हर सुरू होईनासा झाला, हे सहज घडू शकते. ते पकडण्यासाठी टेम्पेस्ट नावाचा सामाईक चाचणीसंच तयार झाला. तो खऱ्या ग्राहकासारखा बाहेरून मागण्या पाठवतो आणि उत्तरे तपासतो. आतल्या कोडला हात लावत नाही.

सुरुवातीला टेम्पेस्टच्याही शाखा निघत. सॉफ्टवेअरची रिलीज झाली की तिच्या जोडीला चाचण्यांची त्या वेळची प्रत गोठवली जाई. ही रीत सोयीची दिसते, पण तिच्यात मोठा धोका आहे. समजा, नव्या रिलीजमध्ये एखाद्या मागणीचे उत्तर थोडे वेगळे येऊ लागले. मुख्य शाखेतली चाचणी नापास होते, लेखक तीच चाचणी नव्या उत्तराप्रमाणे बदलतो आणि सगळे पुन्हा हिरवे होते. जुन्या शाखेत जुनी चाचणी जुन्या उत्तरावर पास होतच राहते. दोन्हीकडे यश दिसते, आणि ज्या ग्राहकाचा प्रोग्राम जुन्या उत्तरावर अवलंबून होता तो मात्र अपग्रेडच्या दिवशी बंद पडतो.

म्हणून एप्रिल २०१४ मधील आइसहाउस रिलीजपासून टेम्पेस्टच्या शाखा काढणे बंद झाले. तेव्हापासून चाचण्यांची एकच मुख्य धारा असते आणि तीच देखभालीखाली असलेल्या सगळ्या रिलीजवर चालते. टेम्पेस्टमध्ये कुणी बदल सुचवला तर तो नव्या कोडवर आणि सांभाळल्या जाणाऱ्या जुन्या शाखांवरही पास व्हावा लागतो. चाचणी बदलून दोष झाकण्याची वाट त्यामुळे बंद झाली: नव्या वर्तनाप्रमाणे चाचणी वळवली की ती जुन्या शाखेवर नापास होते आणि विसंगती सर्वांसमोर येते. शिस्त कडक आहे, तिच्यापायी कित्येक बदल रेंगाळतातही. तरीही हा निर्णय योग्य होता. ग्राहकाशी केलेला करार, म्हणजे कोणत्या मागणीला कसे उत्तर मिळेल हे, रिलीजगणिक बदलत नसेल, तर तो तपासणारी चाचणीही रिलीजगणिक बदलू नये.

अर्थात नवी सोय जुन्या रिलीजमध्ये नसतेच. तिची चाचणी तिथे चालवून उपयोग नाही. त्यासाठी टेम्पेस्टच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये प्रत्येक सोयीसमोर ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशी नोंद करता येते, आणि ‘नाही’ असेल तिथे त्या चाचण्या वगळल्या जातात. नोव्हाने २०१५ च्या किलो रिलीजपासून मायक्रोव्हर्जन ही पद्धत आणली. तिच्यात करारातल्या प्रत्येक लहान बदलाला क्रमांक असतो, त्यामुळे चाचणीवरच ‘या क्रमांकापासून या क्रमांकापर्यंत’ असे बंधन लिहिता येते. एखादी सोय सॉफ्टवेअरमधून काढून टाकली, तरी ती असलेली शेवटची रिलीज देखभालीतून बाहेर जाईपर्यंत तिची चाचणी मुख्य धारेत राहते.

खरी कसोटी लागते ती आसपासचे जग बदलते तेव्हा. ओपनस्टॅक पायथन भाषेत लिहिलेले आहे. मे २०२० मधील उसुरी रिलीजने पायथन २.७ चा आधार काढला, पण जुन्या शाखा त्याच पायथनवर चालत होत्या. टेम्पेस्ट बाहेरून बोलत असल्याने त्याला स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये, वेगळ्या पायथनवर चालवता येते; तपासला जाणारा सर्व्हर कोणत्या पायथनवर आहे याने फरक पडत नाही. चाचणी आणि सॉफ्टवेअर यांची लायब्ररी वेगवेगळी ठेवण्याचे महत्त्व इथे कळते. एकाच जागी दोन्ही बसवली असती, तर चाचणीला लागणारी नवी लायब्ररी जुन्या सर्व्हरलाच मोडून गेली असती. पण यालाही मर्यादा आहे. उबुंटू १६.०४ सारख्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवरील शाखांत नवे पायथनच मिळेना, तेव्हा त्या शाखांसाठी टेम्पेस्टची शेवटची चालणारी आवृत्ती आणि तिच्या काळातील लायब्ररींची यादी पक्की बांधून ठेवावी लागली. मुख्य धारा पुढे गेली, आणि जुन्या शाखा आपल्या काळाच्या चाचणीसंचावर थांबल्या.

चाचण्या टिकवणे म्हणजे त्या चालवणारी यंत्रणाही टिकवणे. ओपनस्टॅकमध्ये कोणताही बदल माणसांनी मंजूर केल्यावरही झूल ही प्रणाली त्यावर चाचण्या चालवते आणि त्या पास झाल्यावरच बदल मुख्य कोडमध्ये घेते. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये प्रकल्प झूलच्या तिसऱ्या आवृत्तीवर गेला. चाचण्या चालवण्यासाठी आधी वापरल्या जाणाऱ्या जेनकिन्स या साधनाच्या काळात लिहिलेली शेकडो कामे हाताने नव्याने लिहिणे शक्य नव्हते. म्हणून एका प्रोग्रामने ती आपोआप रूपांतरित केली आणि त्यांच्या नावांपुढे ‘लेगसी’ हा शब्द जोडला. कामे चालू राहिली, पण आत जुन्याच शेल स्क्रिप्ट होत्या. वर फक्त नवे आवरण चढले होते. तात्पुरती म्हणून आलेली ही व्यवस्था तीन वर्षांनंतरही जागेवर होती, कारण चालणाऱ्या गोष्टीला हात लावायला कुणी पुढे येत नव्हते. अखेर ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या व्हिक्टोरिया रिलीजसाठी उरलेली लेगसी कामे नव्या पद्धतीने लिहिणे हे साऱ्या समुदायाचे सामाईक उद्दिष्ट ठरवण्यात आले. असे काम ‘वेळ मिळेल तेव्हा’ होत नाही. रिलीजची तारीख, जबाबदार माणूस आणि उरलेल्या कामांची उघड यादी लागते.

सर्वांत नाजूक प्रश्न चाचणी काढून टाकण्याचा. टेम्पेस्टच्या नियमांनुसार त्यासाठी तीन अटी आहेत. तीच गोष्ट तपासणारी दुसरी चाचणी अन्यत्र अस्तित्वात हवी. मागच्या रिलीजच्या काळात ही चाचणी नापास होण्याचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी असायला हवे. आणि प्रकल्पाबाहेरचे कुणी तिच्यावर अवलंबून नसावे. दुसरी अट पहिल्यांदा वाचताना उलटी वाटते, कारण वारंवार नापास होणारी चाचणीच आधी काढावीशी वाटते. पण वारंवार नापास होणारी चाचणी बहुधा काहीतरी पकडत असते. दोन सेवांमधली वेळेची शर्यत, कधीतरी न पोहोचणारा संदेश, अपुरी स्मृती असे दोष एखाद्याच वेळी डोके वर काढतात. त्रासदायक चाचणी काढली की त्रास थांबतो आणि दोष ग्राहकाकडे जातो. नापास चाचणी कारण न पाहता पुन्हा पुन्हा चालवून पास करून घेणे हीदेखील तशीच घातक सवय, आणि ओपनस्टॅकच्या समुदायाला तिच्याविरुद्ध बराच प्रचार करावा लागला.

तिसऱ्या अटीमागे व्यापारी कारण होते. ओपनस्टॅकचे बोधचिन्ह लावू इच्छिणाऱ्या उत्पादनांना टेम्पेस्टमधल्या ठरावीक चाचण्या पास करून दाखवाव्या लागत. चाचणीचे नाव बदलले किंवा ती दुसऱ्या फाइलमध्ये गेली, तर ती हरवल्यासारखी होई. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक चाचणीला कायमचा ओळखक्रमांक देण्यात आला. नाव, जागा, आतला कोड बदलला तरी क्रमांक तोच राहतो, आणि चार वर्षांपूर्वीचा निकाल आजच्या निकालाशी ताडून पाहता येतो. लहान प्रकल्पांनाही ही युक्ती बिनखर्चात घेण्याजोगी आहे.

दोन रिलीजच्या मधला प्रवास ग्रेनेड हा संच तपासतो. तो आधी जुनी रिलीज उभी करतो, तिच्यात सर्व्हर, डिस्क, नेटवर्क तयार करतो, मग नव्या रिलीजवर अपग्रेड करून ते सारे शाबूत आहे का ते पाहतो. २०२३.१ अँटिलोपपासून एक रिलीज ओलांडून थेट पुढच्या रिलीजवर जाण्याची अधिकृत सोय झाली, तेव्हा त्या उडीसाठी ग्रेनेडचे वेगळे कामही नित्याच्या तपासणीत आले.