गुराबेचा पितळी साज

जहाजाच्या प्रतिकृतीवर सुकाणूची बिजागरे, तोफगाड्यांच्या पट्ट्या, नांगराच्या कड्या, कठड्याचे खांब असा बारीक साज लागतो. खऱ्या जहाजावर तो बहुतेक लोखंडाचा असतो, प्रतिकृतीवर मात्र पातळ पितळेचा. पितळ गंजत नाही, सहज कापले जाते आणि त्यावर डाख चांगला बसतो.

या कामाला भिवंडीत आपला असा विषय आहे. १६५७ च्या अखेरीस कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि या खाडीकाठी स्वराज्याच्या आरमाराची जहाजबांधणी सुरू झाली. पोर्तुगीज जाणकारही त्या कामावर होते. मराठी आरमाराची मुख्य लढाऊ जहाजे दोन: गुराब आणि गलबत. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, पुढे झुकलेल्या लांब नाळेची. गलबत लहान, शिडाबरोबर वल्ह्यांवरही चालणारे. १:५० प्रमाणाच्या गुराबेत ५० मिलिमीटर रुंद व १० मिलिमीटर जाड लोखंडी पट्टी १ मिलिमीटर रुंद आणि ०.२ मिलिमीटर जाड होते. एवढ्या मापात सगळे कौशल्य धातू कधी कडक ठेवायचा आणि कधी नरम करायचा यात असते.

पत्र्याच्या पितळेत साधारण ६३ ते ७० टक्के तांबे आणि उरलेले जस्त असते. रुळांतून दाबून पत्रा काढताना तो कडक होतो. कापण्यासाठी हा कडकपणा उपयोगी, कारण नरम पत्रा कात्रीत मुडपतो. पाव मिलिमीटरपर्यंतचा पत्रा कात्रीने कापता येतो, पण अरुंद पट्टी कापताना पिळते. तिथे पोलादी पट्टी धरून धारदार पात्याने अनेकदा रेघ ओढावी आणि रेघेवर पुढेमागे वाकवून तुकडा वेगळा करावा.

वळणदार आकाराला सोनारी करवत लागते. करवतीचे दात मुठीकडे तोंड करून बसवतात. कापण्याचे काम खाली ओढताना होते. पत्र्याच्या जाडीत किमान दोन-तीन दात एकाच वेळी असावे लागतात, नाहीतर पाते अडकून तुटते. अतिबारीक पात्यातही दातांमधले अंतर पाव मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणून चार-पाच पत्रे एकावर एक चिकटवून किंवा पातळ प्लायवुडमध्ये धरून कापतात. जाडी मिळते आणि एकसारखे तुकडे एकदम निघतात. भोके बाह्यरेषा कापण्याआधी पाडावीत. मोठ्या पत्र्यावर पकड चांगली मिळते.

वाकवण्याआधी मात्र पितळ नरम करावे लागते. कडक पत्रा उसळून मागे येतो किंवा घडीवर तडकतो. अंधाऱ्या जागी जेमतेम लालसर दिसेपर्यंत तापवणे पुरते. फार तापले तर धातूचे कण मोठे होतात आणि वाकवलेला पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत होतो. पोलादासारखे पितळ पाण्यात विझवल्याने कडक होत नाही. ठोकताना पुन्हा कडक झाले की पुन्हा तापवावे. काटकोनी घडीसाठी आतल्या बाजूला जाडीच्या निम्म्याहून खोल खाच पाडून पत्रा तिच्या दिशेने वाकवतात आणि खाचेत डाख भरतात.

डाखाची निवडही याच हिशेबाने होते. कथील-शिशाचा डाख १९० अंशांच्या आसपास वितळतो. तेवढ्या उष्णतेने पितळ नरम पडत नाही, म्हणून कठड्याचे बारीक खांब ताठ राहतात. चांदीचा डाख ६०० अंशांच्या वर लागतो. जोड पक्का होतो, पण भाग पूर्ण नरम पडतो. एका वस्तूत दोन्ही जोड असतील तर चांदीचा आधी लावावा.

शेवटची काळजी अमोनियाची. वाकवलेल्या पितळेत ताण उरतो आणि दमट हवेत अमोनिया लागला की ते आपोआप तडकते. ब्रिटिशकाळात भारतातल्या तबेल्यांमध्ये पावसाळ्यात साठवलेली पितळी काडतुसे अशीच फुटत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे त्याचे कारण १९२१ मध्ये स्पष्ट झाले. डाखासाठी वापरला जाणारा नवसागर हेही अमोनियाचेच संयुग आहे. म्हणून डाख लावल्यावर भाग गरम पाण्याने नीट धुवावा, कोरडा करावा, आणि लोखंडासारखा काळा रंग चढवून वर वार्निशचा पातळ हात द्यावा. कोकणच्या दमट हवेतही हा साज मग टिकून राहतो.