स्क्रूच्या डोक्यात आधी पाहा

वैजापूरकडचा कोरडा उन्हाळा लाकूड आक्रसवतो आणि पावसाळा लागला की तेच दार फुगून चौकटीला घासतं. वर्षानुवर्षं असं चाललं की बिजागरीचे स्क्रू ढिले पडतात. मागच्या पावसाळ्यात आमच्या मागच्या दाराचा स्क्रू आवळायला मी डबीतला हाताला लागला तो बिट लावला. दोनदा कर्र झालं आणि स्क्रूच्या डोक्यातली फुली वाटीसारखी गोल झाली. आता तो आवळला जाईना आणि निघेचना.

फुल्या दोन आहेत

दुकानात ‘प्लसचा बिट द्या’ म्हटलं की बहुधा फिलिप्स हातात पडतो. अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्स यांच्या नावाची ही फुली १९३६मध्ये कॅडिलॅक गाड्यांच्या जोडणीत वापरात आली. तिच्या खाचेच्या भिंती उतरत्या असतात, त्यामुळे जोर वाढला की बिट वर सरकून बाहेर उडी मारतो.

दुसरी फुली पोझीड्राइव्हची. तिच्या खाचेच्या भिंती जवळजवळ सरळ असल्याने पकड जास्त बसते. ओळख सोपी आहे: स्क्रूच्या डोक्यावर मोठ्या फुलीच्या मधोमध तिरप्या चार बारीक रेषा दिसतात. प्लायवूडच्या कामातले पिवळसर चिपबोर्ड स्क्रू बरेचदा या जातीचे असतात. काळे जिप्समचे स्क्रू मात्र फिलिप्सचे. पोझीच्या खाचेत फिलिप्सचा बिट बसतो खरा, पण तळाला टेकून डुलतो. माझ्या दारात नेमकं तेच झालं होतं.

नंबर

बिटवर रोमन अक्षरांत पीएच (फिलिप्स) किंवा पीझेड (पोझी) आणि पुढे आकडा कोरलेला असतो. पोझीत ३ मिमीपर्यंतच्या स्क्रूला १ नंबर, साधारण ३.५ ते ५ मिमीला २ आणि ६ मिमीच्या पुढे ३ नंबर. घरातलं बहुतेक काम २ नंबरवर होतं, म्हणून तो दोन्ही जातींचा ठेवावा. ताऱ्याच्या आकाराच्या खाचेचे स्क्रू मिळाले तर जरूर घ्या, त्यांत बिट सहसा उडी मारत नाही.

हातात धरून पारख

बिट आडवा धरा आणि त्याच्या टोकावर स्क्रू लावा. चुंबकाशिवाय तो थोडा वेळ टिकला, हलवल्यावर डुलला नाही, तर जोडी जमली. लगेच गळून पडला तर नंबर चुकला किंवा बिट झिजला. झिजलेल्या बिटच्या कडा गोल होऊन चकाकतात. असा बिट सरळ फेकून द्यावा. तो जपून ठेवण्यात काटकसर नाही, तो एकेक स्क्रू खात राहतो.

जुन्या दारांचे पितळी स्क्रू

जुन्या सागवानी दारांना एका चिरेचे पितळी स्क्रू असतात. तिथे पात्याची रुंदी चिरेच्या लांबीएवढी आणि जाडी चीर भरेल एवढी हवी. पितळ मऊ असतं, पात्याने ते सहज फाटतं. म्हणून आधी गिरमिटाने भोक पाडावं, त्यात त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून काढावा, मग साबण लावून पितळी स्क्रू हाताने आवळावा. इथे ड्रिल मशिन नकोच.

फुली गेलीच असेल तर

फुली थोडीच झिजली असेल तर खाचेवर रुंद रबरबँड ताणून ठेवा, त्यावरून नेमका बिट भक्कम दाबा आणि अगदी सावकाश उलटा फिरवा. माझा स्क्रू असाच निघाला, तिसऱ्या प्रयत्नात.